दोन बोटं उणी

१

विमान पडलं, पण जळलं नाही. सरोजिनी सबनीसला खटकलं ते एवढंच, आणि तेही अशा वेळी की जेव्हा माणसाला काही खटकण्याची शुद्ध राहू नये.

पन्हाळ्याच्या उतारावर झाडीत ते पिवळं दोन-आसनी विमान नाक रुतवून पडलं होतं. तिच्या धाकट्या भावाचा, भालचंद्रचा, मृतदेह खाली नेऊन तास उलटला होता. सगळीकडे आपट्याची पानं सांडली होती. दर दसऱ्याला फ्लाइंग क्लबचं विमान कुरुंदवाडवर आणि पन्हाळ्या-जोतिबावर सोनं उधळायचं, हा मान क्लबच्या मुख्य इन्स्ट्रक्टरचा, भालूचा. त्यातली निम्मी पानं पोत्यातच राहिली होती.

सरोजिनी वाकली. फुटलेल्या टाकीजवळची माती तिनं चिमटीत घेऊन हुंगली. मातीला मातीचाच वास होता. पेट्रोल असतं तर अख्खा उतार घमघमला असता, किंवा काळा पडला असता.

"टाकी कोरडी आहे," ती म्हणाली.

फौजदार आण्णा चौगुले टोपी काढून उभे होते. त्यांची मुलगी सरोजिनीच्या शाळेत होती आणि पदार्थविज्ञानात काठावर पास होत होती, त्यामुळे ते बाईंशी जरा जपूनच बोलत.

"व्हय बाई. आनि हँगरात पेट्रोलचं बॅरल बघितलं, तर त्यात पायजे त्यापेक्षा जास्त शिल्लक हाय. टाकीत जायचं ते बॅरलात ऱ्हायलं. सध्या पेट्रोलची टंचाई, काळ्या बाजारात सोन्याचा भाव. आता भरनारा कोन, तर मौला मिस्त्री. घेतलाय त्येला आत."

साल चौऱ्याहत्तर. अरबांनी तेलाची तोटी पिळली आणि उजळाईवाडीच्या धावपट्टीवरच्या दोन टीचभर विमानांचा घसा कोरडा पडला. टाकी भरून उडायचे दिवस गेले होते. फेरीपुरतं आणि वर अर्धा तास गाठीला, एवढंच घालायचं. तेवढ्यातूनही कुणी मारलं असेल, तर त्यानं भालूचा तो शेवटचा अर्धा तास मारला होता.

सरोजिनी रडली नाही. छत्तीस वर्षांची, बिनलग्नाची, विमान चालवण्याचा परवाना काढलेली मास्तरीण म्हणून आधीच सगळं गाव तिची चेष्टा करायचं. आईमागं भालूला तिनंच वाढवला होता. तिनं पदराला हात पुसले.

"आण्णा, ज्यानं हे केलं त्याला मी सोडणार नाही. तुम्ही सोडलात तरी."

२

मौलाच्या तोंडावर थुंकायचं, असं ठरवून ती दुसऱ्या दिवशी चौकीत गेली. हे सांगायला लाज कसली. तिला माणूस हवा होता, आणि समोर एक होता.

मौला गजाआड बसला होता. पन्नाशीचा, बोटांच्या पेरांत ग्रीस मुरलेलं. ती दिसताच तो उठून उभा राहिला.

"बाई, मला काय बोलायचं ते बोला. पन येक आयका. भालूसायबांनी काठी सोता घातली. मी पंप मारतोय, त्ये वर चढून बगत्यात. अर्ध्याच्या खुनंला लागली. म्हनले, मौला, बास. मी थांबलो."

"तू बघितलंस?"

"दोगांनी बगितलं की. काठी अर्ध्याला भिजलेली."

हे सगळ्यांना ठाऊक होतं की विमानातला तेलाचा काटा मनाला येईल तिथं थांबायचा. म्हणून भालूनं शिस्त घातली होती: काट्यावर विश्वास नाही, विश्वास मापाच्या काठीवर. टाकीत शिसवाची एक काठी बुडवायची, भिजली कुठवर ते बघायचं, आणि खुणेवरून तेल ओळखायचं. दोन्ही विमानांच्या टाक्या सारख्या, म्हणून काठी एकच.

"मग बॅरलात जास्त कसं उरलं?"

"त्येच मला कळंना झालंय. पंप मारताना वाटलं लवकर भरलं. पन काठीनं मानलं, सायबांनी मानलं. मग मी कोन न्हाई म्हननारा?"

सरोजिनीला थुंकणं जमलं नाही. खोटं बोलणारा माणूस गोष्ट स्वतःच्या फायद्याची सांगतो. या बाबानं स्वतःच्याच गळ्याभोवती दोरी आवळत आणली होती.

"आदल्या दिवशी, हँगरातली खंडेनवमीची पूजा झाल्यावर, तू कुठं होतास?"

"पूजा आटपली तसं आमी नेसरीच्या गाडीत बसलो. माजी बायकू मेहरुन्निसा आनि मी. तिच्या भैनीकडं. सकाळच्या पैल्या गाडीनं मी परत. कंडक्टरला इचारा, आमच्या कोंबडीवरनं त्येच्याशी भांडान झालंय."

ती निघाली तसा तो गजाशी आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अजून येक हाय. पन सायबांनी मला शपत घातलीया, जयसिंगरावाचं कुटं बोलू नको म्हनून. त्ये आता न्हाईत. मी काय करू, तुमीच सांगा."

शिपाई आला आणि भेट संपली.

३

जयसिंग म्हणजे हंबीरराव इंगळ्यांचा एकुलता एक मुलगा. तीन वर्षांपूर्वी भालूचा शिष्य असताना तो एकटा विमान घेऊन कुरुंदवाडकडे गेला. तेल संपलं आणि विमान कृष्णा-पंचगंगेच्या संगमात उतरलं. पोरगा वाचला नाही. चौकशीत भालूनं उभं राहून सांगितलं, "टाकी न बघता मी त्याला सोडलं. चूक माझी." सहा महिने त्याचा परवाना गेला.

आणि मग कोल्हापूरनं असं काही पाहिलं की लोक अजून सांगतात. हंबीरराव, क्लबचे सेक्रेटरी, गुळाचे मोठे अडते, आवाज असा की बाजारातला सौदा वडगावला ऐकू जावा, ते स्वतः सबनिसांच्या दारी आले आणि भालूला पोटाशी धरून म्हणाले, "माजा एक गेला. तू दुसरा." वर्षभरात त्यांनी मुलाच्या नावानं क्लबला नवं विमान दिलं. त्याच्या नाकावर लाल अक्षरांत 'जयसिंग' लिहिलेलं होतं. असा मोठ्या मनाचा माणूस.

तेच हंबीरराव तिसऱ्या दिवशी घरी आले. मागोमाग माधव आपटे आला. हा क्लबचा दुय्यम इन्स्ट्रक्टर, कुरुंदवाडचा, तीस वर्षांचा, भालूच्या हाताखाली चार वर्षं कुजत पडल्याचं दुःख चेहऱ्यावर वागवणारा. भालूची जागा आता त्याचीच होती. सरोजिनीनं त्याच्याकडे बघितलं आणि तिच्या मनात ते पाप आलंच.

"सरू," हंबीररावांनी कागदाची पुडी पुढं केली, "रविवारी जोतिबाला गेलतो. तुज्यासाठी प्रसाद आनलाय. देवाचं नाव घे. जिवाला शांती पडंल."

पुडीतून गुलाल सांडला तसा माधव शिंकत खिडकीशी पळाला. "माफ करा. गुलालानं मला धाप लागते. लहानपणापासून. मिरवणुकीच्या दिवशी मी घराबाहेर पडत नाही."

"कोल्हापुरात ऱ्हाऊन गुलाल सोसवंना म्हंजे आवगडच हाय मर्दा," हंबीरराव म्हणाले. मग त्यांचा आवाज भरून आला. "त्या मौलाला फाशी द्या म्हनावं. माज्या दुसऱ्या पोराला खाल्लं त्येनं."

ते गेले. माधव रेंगाळला.

"बाई, तुम्हाला माझा संशय आहे. असू दे. माझं आणि भालूचं पटत नव्हतं, हे मी लपवत नाही. त्या दिवशीची फेरी मला हवी होती, मी मागितलीही होती."

"मग दिली का नाही?"

"हंबीररावांनी दिली नाही. म्हणाले, भालूच जाणार. आणि फेरीही उलटी केली. दरवर्षी आधी पन्हाळा आणि मग कुरुंदवाड. या वर्षी म्हणाले, देवाला शेवटी, आधी कुरुंदवाड."

सरोजिनीनं मनात नकाशा मांडला. कुरुंदवाडकडे सगळी सपाट शेतं. तेल संपलं तर भालूसारखा माणूस उसात विमान टेकवून खिशात हात घालून घरी आला असता. पन्हाळ्याला टेकायला तळहाताएवढी जागा नाही.

"हँगरच्या किल्ल्या कुणाकुणाकडे असतात?"

"भालूकडे होती. मौलाकडे, माझ्याकडे आणि हंबीररावांकडे."

४

हँगरची झाडलोट करणारी तानाबाई माधवकडून आणलेल्या किल्लीनं दार उघडून बाजूला झाली. आत 'जयसिंग' विमान एकटं उभं होतं. खंडेनवमीच्या पूजेचं टेबल अजून तसंच. पाने, हातोड्या, पकडी, प्रत्येकाच्या कपाळी हळदीकुंकू आणि सुकलेला झेंडू.

दसरा म्हणून भिंतींना नवा चुना मारला होता, आणि तोही कसा, तर आपल्याकडे मारतात तसा. खिळ्याला टोपी असली तर टोपीभोवती, कॅलेंडर असलं तर कॅलेंडरभोवती. काढायचं कुणी आणि परत लावायचं कुणी. पाटीमागं पाटीएवढी जुनी भिंत काळी राहिली होती, कंदिलामागं कंदिलाएवढी.

मापाची काठी तिच्या खिळ्याला टांगलेली होती. शेजारच्या खिळ्याला भालूचं पांढरं फडकं.

सरोजिनी काठीला हात लावणार तोच थांबली. काठीमागंही चुनेवाल्यानं आळस केला होता. पांढऱ्या भिंतीवर काठीच्या आकाराचा काळा पट्टा राहिला होता. पण तो काठीएवढा नव्हता. काठी संपत होती आणि तिच्याखाली पट्टा पुढं जात होता. तिनं बोटं लावून पाहिली. दोन बोटं.

तिनं डोळे मिटले आणि वर्गात फळ्यासमोर उभं राहावं तशी उभी राहिली. काठी खालून दोन बोटं कापली, तर प्रत्येक खूण दोन बोटं खाली सरकणार. तेल असेल त्याहून दोन बोटं जास्त दिसणार. खालच्या खुणा झिजून गेलेल्या, त्यामुळे कमी झालंय हे खुणांवरून कळायचं नाही. टाकी उथळ आणि पसरट. त्यात दोन बोटं म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त उड्डाण. भालूनं नेमानं काठी घातली. नेमानं बघितली. त्याच्या शिस्तीनंच त्याला मारलं होतं.

"तानाबाई, चुना कधी मारला?"

"अष्टमीला. दुसऱ्या दिशी म्या पूजा मांडली."

म्हणजे अष्टमीला काठी पुरी होती. तिनं काठी उतरवली. वरच्या टोकाला पिवळी हळद, त्यावर लाल कुंकू. खालचं टोक पुसलेलं आणि नवा काप दिसू नये म्हणून त्याला काळं ऑईल चोळलेलं.

"खालच्या टोकाला हळदीकुंकू लावलं नाही का?"

"न लावून कसं? काठीला दोनी टोकास्नी लावती मी, दरसालाला. हळद आदी, मग कुकू. भालूसायेब तेवडं पुसून घेत्यात टाकीत घालायच्या आदी. तेल घान हुतंय म्हनत्यात."

"आणि पूजेचं ताट?"

"घरी नेलं की. हितं ठेवलं तर उंदरं खात्यात."

सरोजिनीनं ते पांढरं फडकं खिळ्यावरून काढलं आणि उजेडात धरलं. भालूनं त्या सकाळी काठीचं टोक ज्यानं पुसलं, ते फडकं. त्यावर पिवळा ठिपका कुठंच नव्हता. होता तो एकच डाग, आणि तो कुंकवाचाही नव्हता. गुलाबी होता.

हा रंग तिनं याच आठवड्यात पाहिला होता. तिच्याच घरात.

५

आण्णा चौगुल्यांनी गुलालाची पुडी आणि फडकं शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं.

"बाई, मी अडानी मानूस. येक येक करून सांगा."

"काठी पूजेच्या आधी कापली असती, तर नव्या टोकाला तानाबाईनं हळदीकुंकू लावलं असतं. म्हणजे पूजेनंतर आणि दसऱ्याच्या सकाळच्या आधी कापली. कापताना खालचं हळदीकुंकू गेलं. भालूला दोन्ही टोकं रंगलेली बघायची सवय, कोरं टोक त्याच्या डोळ्यात आलं असतं. म्हणून ते परत रंगवावं लागलं. पूजेचं ताट तानाबाईच्या घरी. जवळ जे होतं ते लावलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्याच्याजवळ हँगरची किल्ली आणि गुलाल दोन्ही असतात असा माणूस."

"मौला तवा नेसरीत हुता. कंडक्टरनं सांगितलं. कोंबडीचंबी सांगितलं."

"माधवला गुलाल नाकाशी आला तरी धाप लागते. तुम्ही डॉक्टरला विचारा."

"इचारलं. खरं हाय." आण्णांनी हनुवटी खाजवली. "ऱ्हायले हंबीरराव. दर रविवारी जोतिबा. गाडीत गुलाल कायम. फेरी त्येंनीच उलटी केली. समदं जुळतंय, बाई. पन अर्ध्या कोल्हापुराच्या गाडीत गुलाल हाय. आनि वकील म्हननार, ज्या मानसानं पोराच्या मारेकऱ्याला पोटाशी धरलं, त्येच्यावर आळ घेताय? कोर्ट हसंल आनि मौला आत जाईल."

सरोजिनी खिडकीबाहेर बघत राहिली. पोटाशी धरलं होतं, खरं आहे. तीन वर्षं धरून ठेवलं होतं. दर सणाला जेवायला बोलावलं, भालूला मुलगा म्हटलं, आणि मनात दिवस मोजत बसला. पोरगा तेल संपून गेला, तर हाही तेल संपूनच जायला हवा. तिला त्या माणसाचा असा राग आला की दात दुखायला लागले. आणि खरं सांगायचं तर, तो राग तिला ओळखीचा वाटला. तिचा स्वतःचाही याच जातीचा होता.

"आण्णा, काठी परत खिळ्याला टांगा. कुणाला काही बोलू नका. मौलाला सोडवून आणा, एक दिवस तरी."

"काय करताय तुमी?"

"भालूची रक्षा सोडायची आहे. विमानातून. सोबत त्याचे दुसरे वडील येतील."

आण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढचं काही विचारलं नाही. सरोजिनीनं मात्र त्यांच्याकडून दोन गोष्टी मागून घेतल्या: सकाळी लवकर हँगरची किल्ली आणि सुताराकडून पुऱ्या मापाची नवी काठी.

जीपमधून येताना मौलानं शपथ मोडली. जयसिंगचं जे होतं ते सगळं सांगितलं. सरोजिनीनं ते ऐकून घेतलं आणि जपून ठेवून दिलं. वेळ आली की वापरायचं.

६

धावपट्टीवर माणसं जमली होती. क्लबची मंडळी, शाळेतल्या शिक्षिका, सबनिसांचे नातेवाईक. सरोजिनीनं सगळ्यांसमोर हात जोडले.

"हंबीरकाका, तुम्ही त्याला मुलगा म्हणत होता. कलश तुमच्या मांडीवर असावा अशी माझी इच्छा आहे."

एवढ्या लोकांत नाही म्हणायला तोंड नव्हतं. हंबीररावांनी फेटा सारखा केला. "चल पोरी."

'जयसिंग' विमान बाहेर काढलेलं होतं. सरोजिनी घडवंचीवर चढली. पंखावरच्या टाकीचं झाकण तिनं काढलं आणि हात खाली केला. "ती मापाची काठी द्या कुणीतरी. खिळ्यावरची."

माधवनं काठी दिली. हंबीररावांची नजर काठीवरून हलली नाही. तिनं काठी बुडवली, वर काढली, बघितली आणि लगेच फडक्यानं पुसून माधवकडे परत दिली.

"अर्धी," तिनं मोठ्यानं सांगितलं. "भालूच्या फेरीएवढी. आधी कुरुंदवाड, मग पन्हाळा."

"जरा जादा भर की," हंबीरराव म्हणाले. "रक्षेचं काम हाय. कशाला कंजूषपना."

"टंचाई आहे काका. आणि काठीनं दाखवलं की बास, हा क्लबचा नियम. तुमच्या सहीनं भिंतीवर लावलाय."

लोक बघत होते. ते बसले.

विमान वर चढलं. कुरुंदवाडच्या संगमावर तिनं एक वळसा घेतला. खाली पाणी उन्हात चमकत होतं. आपला मुलगा जिथं बुडाला तिकडं हंबीररावांनी बघितलंही नाही. ते तेलाच्या काट्याकडे बघत होते, आणि काटा नेहमीसारखा वाट्टेल तिथं उभा होता.

तिनं विमान पश्चिमेकडे वळवलं.

"सरू," ते इंजिनाच्या आवाजावर ओरडले, "परत फीर. छातीत दुखाय लागलंय."

"पन्हाळा आलाच."

"अगं, फीर म्हंतोय न्हवं."

"देवाला शेवटी, असं तुम्हीच ठरवलं होतंत."

हंबीररावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. शेतं मागं पडली. खाली झाडी सुरू झाली, मग उतार, मग भालूच्या विमानानं मोडलेल्या फांद्या. तिथं आल्यावर सरोजिनीनं हळूच इंजिन मंद केलं. आवाज बसला. हंबीररावांनी दोन्ही हातांनी तिचा खांदा धरला. त्यांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून शब्द येत नव्हता. मांडीवरचा कलश पडू नये म्हणून तिनं एका हातानं तो धरला. तिनं त्यांना तसंच ठेवलं, जरा जास्तच वेळ. भालूला किती वेळ असं वाटलं असेल ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं अंदाजानं ठेवलं. मग तिनं इंजिन वाढवलं आणि घराकडे वळली.

चाकं टेकून विमान थांबायच्या आत हंबीररावांनी दार उघडलं आणि खाली उडी टाकली. फेटा सुटला होता.

"ही मला मारत हुती," ते सगळ्यांसमोर ओरडले. "फौजदार, धरा हिला. टाकीत तेल नसताना घेऊन गेली."

आण्णा चौगुले सावकाश पुढं आले, आणि इतका वेळ जीपमध्ये बसवून ठेवलेला मौला त्यांच्यामागं. "तेल न्हाई? बाईंनी तर काठी घातली. अर्धी हाय म्हनल्या. आमी समद्यांनी आयकलं."

"ती काठी खोटी हाय. दोन बोटं कमी हाय ती. अर्धी दावती आनि..."

ते थांबले. माधवनं हळूच काठी पाठीमागं घेतली, जणू ती आता कुणी हिसकावून घेईल.

आण्णा घडवंचीवर चढले. हातात सुताराकडची नवी काठी होती, पुऱ्या मापाची. त्यांनी ती टाकीत सोडली, वर काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी आडवी धरली. एवढी फेरी होऊनही ती अर्ध्याच्या खुणेच्या वर भिजली होती.

"सकाळी मी आनि मौलानं ही टाकी काठोकाठ भरली, हंबीरराव. बाई खोटं बोलल्या. पन काठी दोन बोटं कमी हाय, हे तुमाला कुनी सांगितलं?"

७

एकदा सुटलं ते सुटलंच. हंबीररावांनी नाकारलं नाही. धावपट्टीवर मांडी घालून बसले आणि आवाज पुन्हा बाजारातल्यासारखा झाला.

"व्हय, मी कापली. माजा पोरगा त्येनं मारला. टाकी न बगता सोडला, भर चौकशीत म्हनला. आनि शिक्षा काय, तर सा म्हैनं घरी बस. मी त्येला त्येच्याच काठीनं मारला. मला त्येचं कायबी वाटत न्हाई."

शिपाई पुढं झाले. सरोजिनीनं हातानं त्यांना थांबवलं. जीपमध्ये मौलाकडून ऐकून जपून ठेवलेलं ते तिनं आता बाहेर काढलं. दया यावी असं काही तिच्या मनात नव्हतं, आणि ती तसं दाखवायलाही गेली नाही.

"मौला, सांग यांना."

मौलानं खाली बघितलं. "नगं, बाई. म्हातारं हाय."

"सांग."

"जयसिंगरावाला सायबांनी सोडलं न्हवतं," मौला म्हणाला. "थांब म्हनले हुते. पेट्रोलचं बॅरल अजून यायचं हुतं. पन कुरुंदवाडात दोस्त घाटावर उभे हुते, त्येस्नी इमान उडवून दावायचं हुतं. सायेब हापिसात गेले तसं ह्येनं इंजिन चालू केलं. मी काठी घिऊन मागं पळत गेलतो. वराडलो, काठी तरी घालू द्या. त्येनं हात हालवला आनि गेला."

हंबीरराव हसले. "खोटं. मग त्यो चौकशीत कशाला म्हनला, चूक माजी?"

"सायेब म्हनले, त्येंचा पोरगा गेलाय. वर आनि पोराचाच दोष असं कशाला कळाय पायजे. माज्या नावावर असू दे."

हंबीररावांनी एकेका माणसाच्या तोंडाकडे बघितलं. माधवकडे, आण्णांकडे, परत मौलाकडे. कुणीतरी हे खोटं आहे म्हणेल म्हणून थांबले. मग हळूहळू त्यांचा जबडा खाली आला. सरोजिनी ते डोळे भरून बघत होती. याचसाठी तिनं इतके दिवस दात आवळले होते. तिला ते गोड लागलं. थोडा वेळ.

"मला का न्हाई सांगितलं त्येनं?" ते म्हणाले. हा आवाज बाजारातला नव्हता. "तीन वर्सं जेवला माज्या ताटात. येकदा तरी सांगायचं."

"सांगणार होता," सरोजिनी म्हणाली. "हे विमान आणलंत त्या दिवशी. मौलाला म्हणाला होता, आज सांगतो. पण नाकावरचं ते नाव तुम्ही स्वतः रंगवत होतात. ते बघून परत आला."

शिपायांनी हंबीररावांना उठवलं. ते उठले, पण जीपकडे वळेनात. विमानाच्या नाकावरची लाल अक्षरं बघत उभे राहिले, आणि दोघांनी दंडाला धरून नेईपर्यंत तिथंच राहिले.

माणसं पांगली. तांब्याचा कलश अजून विमानातच होता, फडकं बांधलेला, न उघडलेला. ती गोड चव केव्हाच गेली होती आणि भालू नव्हताच.

"मौला, बस," ती म्हणाली. "रक्षा राहिली आहे."

तो चढायला गेला तसा तिनं त्याला थांबवलं. टाकीत पुरेसं तेल आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, आत्ताच सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी ती घडवंचीवर चढली, नवी काठी टाकीत सोडली, वर काढून खुणेशी बोट लावलं आणि मौलाला दाखवलं. त्यानंही वाकून पाहिलं. मग दोघं आत बसले.